चार बोटं उंच

गाडी चार बोटं उंच झाली तेव्हा सुतारकाकांना कोण आनंद झाला! फाटकापाशी उभं राहून त्यांनी ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि घरात हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. बसून तर बघ!"

सगळा खटाटोप काकूंसाठीच होता. खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. काठी घेऊन काकू घरभर हिंडायच्या, स्वयंपाक करायच्या. पण गाडीचं नाव काढलं की "आज नको" म्हणायच्या. गाडी जुनी आणि बसकी. आत बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं, आणि बाहेर यायचं म्हणजे काकांनी काखेत हात घालून उपसून काढायचं. टेकडीपलीकडे काकूंची थोरली बहीण राहायची. दर रविवारी तिच्याकडे जायचा नेम होता, तो मोडला. दोघी फोनवर बोलायच्या, पण फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ नुसत्या बसून राहायच्या. काकांना ते बघवेना.

उभा जन्म लाकडात गेलेला माणूस. मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि डोक्यात किडा शिरला. चाकाच्या स्प्रिंगवर जाड चकती बसवली की गाडी वर उचलली जाते, एवढं त्यांना कळलं. जुन्या टेबलाचे पाय पडून होते, चांगलं कणखर लाकूड. त्यातून त्यांनी चार चकत्या कातल्या आणि आठवडाभर गाडीखाली पाठ घासून त्या बसवल्या. काकूंची भाची, म्हणजे त्याच थोरल्या बहिणीची मुलगी, गाड्यांची मेकॅनिक होती. तिला विचारावं असं एकदा मनात आलं. पण ती नाही म्हणेल हेही मनाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

काकू सीटवर टेकल्या, पाय आत घेतले आणि बसल्यासुद्धा. "अगंबाई! एवढंच?" मग त्याच म्हणाल्या, "ताईकडे जाऊ या का हो?"

काकांना आणखी काय हवं होतं!

चढावर गाडी थोडी झुलत होती. "हलतेय का हो?" काकूंनी विचारलं. "उंची नवी आहे. होईल सवय," काका म्हणाले, पण स्टिअरिंग हातात नेहमीसारखं बसत नव्हतं, हे त्यांना जाणवत होतं.

उतारावरच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय पार तळाला टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. गाडी एका अंगावर अशी कलली की काकूंचा खांदा दारावर आदळला. काकांनी गिअर खाली पाडला, हँडब्रेक ओढत आणला आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीच्या बांधाला घासत नेली. खरखर, खरखर आणि मग एकदम शांतता.

हँडब्रेकवरची काकांची मूठ सुटत नव्हती. काकूंनी तिच्यावर आपला तळवा ठेवला. "थांबली गाडी. आता सोडा."

फोन काकूंनीच केला. भाची वीस मिनिटांत आली, काही न विचारता गाडीखाली आडवी झाली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काका, हे कुणी केलं?"

"मी."

"गाडी उचललीत, पण ब्रेकची नळी तेवढीच राहिली ना! वळणावर ताणली जाऊन फाटली. पुढची एक चकतीही उभी चिरलीये. ती निसटली असती तर..." तिचा आवाज चिरकला. "आणि स्प्रिंग आवळताना सटकली असती तर तोंड फोडलं असतं तिने तुमचं! गाडी उंच झाली की कलंडायला वेळ लागत नाही. मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

काका मान खाली घालून ऐकत राहिले.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेल्यावर भाचीने चकत्या काढल्या. काकूंनी चिरलेली चकती हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवलं. "गाडीच्या पोटात जायची वस्तू. हिला पॉलिश कशाला केलंत?"

"हाताला सवय," काका पुटपुटले. मग त्यांचे डोळे भरून आले. "तुला सुखाने बसता यावं म्हणून केलं गं. आणि तुलाच..."

"मला बसायचं दुखणं नव्हतंच हो," काकू हळूच म्हणाल्या. "मला उचलताना तुमची कंबर वाजते. तुम्ही ओठ दाबून धरता. मला काय कळत नाही? म्हणून म्हणायचे, आज नको."

पाच महिन्यांत काकांनी दाराची उंची मोजली होती, सीटची मोजली होती. पण नेमकं काय अडतंय, हे बायकोला एकदाही विचारलं नव्हतं.

"झालं तुमचं दोघांचं?" भाची नाक पुसत म्हणाली. "याच गाडीला वरखाली होणारी कंपनीची सीट मिळते. ती मी बसवते. स्प्रिंगा, नळ्या, सगळं होतं तसं करते. काका, तुम्ही पान्याला हात लावायचा नाही. आणि मावशी, ऑपरेशननंतर तुझ्याकडे येतात त्या व्यायामवाल्या बाईंना विचार, गाडीतून एकटीने कसं उतरायचं ते."

व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं: आधी दोन्ही पाय बाहेर, मग पुढे सरकायचं, मग सीटवर हात टेकून उठायचं. काकूंनी पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर सराव केला. काका समोर उभे राहून "आता पाय, आता हात" म्हणायचे. शेवटी काकूंनी त्यांना बाहेर पिटाळलं.

तिसऱ्या रविवारी गाडी बहिणीच्या दारात थांबली. बहीण पायरीवर उभीच होती. काकांनी दार उघडलं आणि सवयीने हात पुढे केले.

"मागे व्हा," काकू म्हणाल्या.

पहिल्यांदा त्या निम्म्या उठून परत बसल्या. काकांचा जीव वरखाली झाला, पण ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्यांदा काकू उठल्या. काठी सावरली, साडी सारखी केली आणि बहिणीकडे चालू लागल्या.

"किती वाळलीस गं!" बहीण म्हणाली.

"तूच जाड झालीस," काकू म्हणाल्या आणि दोघी हसत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बोलत बोलत आत गेल्या त्या गेल्याच. काकांना आत बोलवायचंही कुणाला सुचलं नाही. त्यांनी गाडीचं दार हलकेच लावलं आणि आपले आपण चपला काढून आत गेले.