'इतर'च्या रकान्यातली

पुतणीने आलेखाचा कागद टेबलावर पसरला आणि पंडितला ते पत्र आठवले, ज्याला त्याने एकतीस वर्षांत उत्तर दिले नव्हते.

"काका, बघा ना! अपघातात गेलेली मुलं, गेल्या पन्नास वर्षांतली. रेषा कशी उतरत आलीय!" ती त्याच्याच जुन्या कचेरीत, मृत्यूनोंदणीत होती. "सुरुवातीचे आकडे तर तुमच्याच हातचे."

त्याला ती लांबट खोली दिसली, जांभळी शाई, समोरच्या टेबलावर सहकारी तात्या. तात्या दाखला वाचायचा, पंडित रकान्यात रेघ ओढायचा. चार उभ्या, पाचवी आडवी. लहान वय आले की तात्याचा आवाज बसायचा. मग तोच म्हणायचा, "ओढ रे पंडित, नाहीतर पुढचा दाखला तुझा!" पंडित हे नावही त्याचेच देणे. मृत्यूचे कारण धड लिहिलेले नसले की 'इतर', हा तिथला रिवाज.

पत्र एका आईचे होते. 'माझी मुलगी उघड्या विहिरीत बुडाली. झाकण मागायला गेले तर नगरपालिका म्हणते, मृत्यूंच्या पुस्तकात आमच्या भागात बुडून कोणीच गेलेलं नाही. मग माझी मुलगी कुठे आहे?'

दाखल्यावर 'गुदमरून' एवढेच ठळक होते. विहीर कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पंडितने 'इतर'मध्ये रेघ ओढली होती. उत्तराचे सात खर्डे केले, सातही फाडले. मायना जमत नाही, असे स्वतःला सांगत राहिला.

"इथून बघा," पुतणीने बोट ठेवले, "विहिरींना झाकणं आली."

"त्याच्या आदल्या वर्षी त्याच भागात एक मुलगा विहिरीत बुडून गेला."

"तुम्हाला कसं आठवतं?"

"ती रेघ मी बरोबर रकान्यात ओढली. त्या दिवशी तात्याने चेष्टा केली नाही."

मग त्याने तिला मुलीबद्दल सांगितले. दाखल्याचा क्रमांक त्याला पाठ होता.

"दुरुस्ती करता येईल," ती हळूच म्हणाली. "पण काका, एकीने रेषा हलायची नाही."

"न हलू दे."

दुपारी त्याने आठवा खर्डा लिहिला. मुलगी कुठे होती ते, आणि त्या मुलाचेही. मायना घातलाच नाही.

"त्या बाई असतील का अजून तिथे?" पुतणीने विचारले.

"नसतील तर पत्र परत येईल."

पाकिटामागे त्याने कचेरीचा नव्हे, घरचा पत्ता लिहिला, वर स्वतःचे पूर्ण नाव, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकले.