जबलपूरचे पुंडलिकदादा

“थांबा, थांबा. इथं काहून थांबले तुम्ही?”

पार्वताबाईंनी हात वर केला तसा पेटीचा भाता डोमाजीच्या हातात अर्धा उघडाच राहिला. जबलपूरच्या गढा वस्तीतलं त्याचं दोन खोल्यांचं घर, दुपारची वेळ. समोर चटईवर बसलेल्या या बाई म्हणजे पुंडलिकदादांच्या पत्नी. मुलीकडे रेल्वे क्वार्टरात चार दिवस राहायला आल्या होत्या. आज विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात दादांची गाणी म्हणणारा कोणी आहे असं कळलं, तर म्हणाल्या, मला आधी त्याच्या घरी न्या.

इतकी वर्षं डोमाजी दादांचीच गाणी गात होता, तीही दादांच्याच आवाजात, आणि त्याबद्दल कोणालाही कधी विचारलं नव्हतं. “आई नाही म्हणाल्या तर पेटी बंद करून टाकीन,” असं त्याने बायकोला, लीलाबाईला सांगून ठेवलं होतं.

नागपूरचे पुंडलिकदादा म्हणजे साध्या माणसांचे प्रबोधनकार. बोलता बोलता गाण्यात शिरायचे, आणि गाता गाता ऐकणाऱ्याच्या आत असं काही हलवायचे की घरी जाताना माणूस स्वतःशीच जरा बरा वागे. दर जयंतीला ते जबलपूरला येत. तोफगाडीच्या कारखान्यात टर्नर असलेला डोमाजी तेव्हा त्यांच्यामागे बसून कोरस ओढायचा. एका वर्षी मंडप उभा राहिला, पत्रकं वाटून झाली, आणि दादा गेल्याचीच तार आली. विहार कमिटीचे भैयालाल डोक्याला हात लावून बसले, मग डोमाजीला म्हणाले, “तू ही गा दे भैया. और कौन है?”

डोमाजीने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. बाहेर आला तो दादांचा आवाज. म्हाताऱ्या बायका हुंदके देऊ लागल्या.

तेव्हापासून तो जबलपूरचे पुंडलिकदादा. बालाघाट, कटनी, छिंदवाडा, कुठूनही बोलावणं येई. पांढरा झब्बा आला, दादांसारखा जाड काड्यांचा चष्मा आला. चष्म्याला नंबर नव्हता, साधी काच होती.

“भाजीत मीठ मागतात तेबी दादाच्याच आवाजात,” चहाचे कप ठेवता ठेवता लीलाबाई म्हणाली. “माह्या लग्नातला नवरा कुठं गेला, त्याचा पत्ता नाही, आई.”

पार्वताबाई हसल्या. डोमाजी हसला नाही. त्याला ‘इथं काहून थांबले’ याचं उत्तर द्यायचं होतं.

गाणं दादांचं सगळ्यात गाजलेलं. बंदी असलेल्या तळ्यावर पहिल्यांदा पाणी प्यायला उतरलेल्या एका आईचं. ‘भरली ओंजळ माझ्या मायची’ एवढं म्हणून दादा थांबत. हात छातीवर ठेवत, मान खाली घालत. आणि मग हळूच येई, ‘पाणी ओठाशी आलं.’

“दादा थांबत होते जी तिथं,” डोमाजी म्हणाला. “किती पिढ्यायची तहान हाय त्या थांबण्यात! सारा मंडप रडते, आई. मी तर कारखान्यात मशीनपाशी उभा राहून तेवढंच घोटलं. किती थांबावं, मान कधी घालावी. हात असा...”

त्याने हात छातीवर ठेवून दाखवला.

पार्वताबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग पदराने चटईवरचा नसलेला कचरा झाडत म्हणाल्या, “दम लागे त्यायले.”

“जी?”

“दमा होता न. शेवटची वर्षं लई वाढला होता. ती ओळ लंबी हाय, एका दमात होये नाही. पहिले तर सरळ म्हणत होते, पाण्यासारखं. तुम्ही ते ऐकलंच नाही भाऊ. जबलपूरले येणं सुरू झालं तवा दमा घरात येऊन बसला होता.”

लीलाबाई दारातच उभी राहिली. डोमाजीने हात छातीवरून उचलला, पण त्याला तो कुठे ठेवावा ते कळेना.

“मी मंडपाच्या मागं बसून राहो,” पार्वताबाई सांगत होत्या, जशी एखादी बाई शेजारणीला जुनं दुखणं सांगते. “ती जागा आली का मी कान लावून राहो. येते का नाही पुढची ओळ? लोक वा वा करत. मी मनात म्हणो, अरे, अजून ओळ आली कुठं, वा वा कायची करून राहिले?”

मग डोमाजीने पेटीकडे बघत विचारलं, “आई, मग म्हणू का नको मी?”

“म्हणा न! काहून नाही? तुमच्यामुळं लोकाइच्या तोंडी त्यायचं नाव हाय.” त्या उठल्या, लीलाबाईच्या खांद्याचा आधार घेत चपला घातल्या. “लोकाइले आवडते तसंच म्हणा. मी येतो संध्याकाळी. फक्त ती जागा आली का मी जराशी बाहेर जाईन. वाईट नका मानू.”

संध्याकाळी वंदना झाली, भैयालालनी माइक हातात घेतला आणि “जबलपूर के पुंडलिकदादा!” म्हणताच मंडप टाळ्यांनी भरला. डोमाजी नेहमीसारखा बोलू लागला, नेहमीसारखाच हसवू लागला. बोलत बोलत तळ्याच्या काठाशी आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी सवयीने पदर डोळ्यांशी नेऊन तयार ठेवले. डोमाजीचं लक्ष एकाच खुर्चीकडे होतं. पार्वताबाईंनी हातातली पिशवी सावरली होती. त्या अर्ध्या उठल्या होत्या.

‘भरली ओंजळ माझ्या मायची, पाणी ओठाशी आलं.’

एका दमात. मध्ये श्वासाएवढीही फट न ठेवता. ढोलकीवाला थांबण्यासाठी हात उचलून बसला होता, तो दचकला आणि पळत गाडी पकडावी तसा ताल धरता झाला. एवढी लांब ओळ ओढायला डोमाजीला पोटातून जोर लावावा लागला. त्या जोरात आवाज दादांच्या वळणावरून सुटला आणि भलताच निघाला, जरा खरबरीत, मशिनींच्या गोंगाटात ओरडून बोलणाऱ्या माणसाचा. तो त्याच आवाजात पुढच्या कडव्यात गेला.

मंडपाला काही कळेना. कोणीतरी टाळी वाजवली, एकटीच वाजली म्हणून थांबवली. पदर खाली आले. फक्त बायकांच्या बाजूला चहाच्या किटलीपाशी उभी असलेली लीलाबाई मान वर करून स्टेजकडे बघत राहिली.

गाणं संपल्यावर भैयालाल वाकून कानाशी म्हणाले, “क्या हुआ डोमाजी? आज वो बात नहीं आई.”

“नाही आली न,” डोमाजी म्हणाला आणि पाण्याचा पेला उचलला.

पाणी पिताना त्याने समोर पाहिलं. पार्वताबाई गेल्या नव्हत्या. पिशवी खाली टेकवली होती, चपला काढल्या होत्या, आणि घरी बसावं तशा त्या लोखंडी खुर्चीवर पाय वर घेऊन, पाठ टेकून बसल्या होत्या. त्याची नजर पडताच त्यांनी एक बोट वर केलं. अजून एक म्हणा.