उरलेला आकडा

आमच्या छापखान्यात अक्कल माझ्या एकट्याच्याच वाट्याला आली आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं. मालकाला मी बनवत असलेला यंत्राचा पडदा रंगीत हवा होता, बस्स. बटणाचे कोपरे गोल केले की यंत्र हुशार होतं, अशी त्याची समजूत. आणि कागद कापायच्या त्या यंत्रावर बसते ती माझी थोरली बहीण. तिला पडद्यावरचं बटण म्हणजे नुसतं चित्र वाटायचं.

"चित्रावर बोट ठेवून पातं थांबतं होय रे?" ताई म्हणाली. "माझा लाल खटका राहू दे."

तो खटका म्हणजे पातं थांबवणारा मुठीएवढा जुनाट ठोकळा. चाचणी पार पडली की तो काढायचा, असं मी मालकाकडून वदवून घेतलं होतं. मग पात्यापाशी ताईची बोटं आणि ती वाचवायला फक्त माझं बटण.

बटणाचा प्रोग्रॅम मी येरागबाळ्या संगणकभाषेत लिहिला नव्हता. पडद्यामागच्या चिमुकल्या चिपवर थोराड भाषा मावतातच कुठे? माझ्या भाषेत आकडे ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवायचे आणि शेवटी हुकमाचा शब्द सांगायचा. शब्द वरचा आकडा उचलतो आणि कामाला लागतो. आधी वस्तू, शेवटी क्रियापद, अगदी आपल्या बोलण्यासारखं. मालकाला हे दोनदा समजावलं. तो म्हणाला, "हिरवा जरा उजळ कर."

चाचणीच्या सकाळी ताई यंत्रावर बसली. पातं थांबवायचं झालं की ती बटण तीनदा दाबायची.

"एकदा दाबलं की पुरे," मी म्हणालो. "ते बहिरं नाहीये."

"मी खटकाही तीनदाच दाबते. खात्री नको?"

अडाणीपणा, दुसरं काय. मी मालकाकडे बघून कपाळाला हात लावला.

सतराव्यांदा पातं थांबवायला तिनं बटण दाबलं आणि पडदा गोठला. पातं वरखाली होतच राहिलं. तिचा डावा हात गठ्ठ्यावर होता, पात्यापासून वीतभर. उजव्या हाताची मूठ तिनं लाल खटक्यावर हाणली. पातं थांबलं. मालक निघून गेला.

दुपारभर मी एकेक ओळ तपासली. दाबलं की बटण आपला आकडा चळतीवर ठेवतं आणि 'थांब' हा शब्द तो उचलतो. पण यंत्र आधीच थांबलेलं असेल, तर माझा 'थांब' काही न उचलताच परत जायचा. ताईच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाबण्याचे आकडे दर वेळी तिथेच पडून राहिले. बत्तीस आकड्यांची जागा सोळा वेळांत भरली आणि सतराव्या वेळी नव्या आकड्याला जागाच उरली नाही. मी बटण शेकडो वेळा तपासलं होतं, पण दर वेळी शहाण्या माणसासारखं एकदाच दाबून.

ताई डबा धुऊन आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. चळत, आकडा, उचलायचा राहिला ते.

"म्हणजे जेवलास आणि ताट तिथंच टाकून उठलास," ती म्हणाली. "त्यात नवीन काय? चाळीस वर्षं मीच उचलतेय."

मला फार लाज वाटली. उरलेला आकडा टाकून देणारी ओळ लिहिली आणि बटण तीनदा दाबून बघितलं. मग खटका काढायला आणलेला पाना उचलला आणि पेटीत त्याच्या जागेवर ठेवला. ताई बघत होती.