संगमावर सोडलेली पुस्तकं

दुपारी दाराची कडी वाजली तेव्हा इंदूताई वाती वळत बसल्या होत्या. चातुर्मासात देवाला लाख वाती वाहायचा त्यांचा नेम होता, आणि कुणी आलं-गेलं तरी हातातला कापूस खाली ठेवायचा नाही अशी सवयच लागून गेली होती. मांडीवर कापूस घेऊनच त्या म्हणाल्या, "या, दार उघडंच आहे."

दारात एक उतारवयाची बाई उभी होती. लुगड्याचा पदर डोक्यावर, एक हात चौकटीला आणि दुसरा गुडघ्यावर. तिच्या मागे पस्तिशीतला एक माणूस जीपची किल्ली बोटात फिरवत होता.

"मास्तरांचं घर ह्येच न्हवं? मी बनुबाई. ह्यो माझा भाचा, चुलतभावाचा पोरगा, कानिफनाथ. तिसगाव-पाथर्डी जीप मारतो. ए, काकूंच्या पाया पड की, नुसता खांबावानी काय हुबा ऱ्हायलास?"

कानिफनाथ ओशाळून वाकला. इंदूताईंनी दोघांना सतरंजी घातली, गूळ आणि पाणी पुढे ठेवलं.

"काकू, मास्तर माझ्या जीपमधी बसायचे," कानिफनाथ म्हणाला. "एकदा बोलता बोलता आत्याच्या आईचा विषय निघाला. साळूबाई. तमाशाच्या फडात नाचायची. तर मास्तरांनी मांडीवर थापच मारली. म्हनले, अरे, तिचा फोटो हाय माझ्याकडं, पुस्तकात! आत्याला घेऊन ये, दाखवतो."

"पर मी तवा उसाच्या तोडीला गेल्ते, कारखान्यावर," बनुबाई म्हणाली. "आले तर मास्तर आजारी. पुन्हा गेले न् आले, तर मास्तर न्हाईत. दुखवट्याच्या घरी फोटू दाखवा म्हनून कसं यावं? लाज वाटली. औंदा गुडघ्यांनी तोडच बंद केली. म्हनलं आता जाऊन येऊ."

इंदूताईंच्या बोटांतली वात अर्धी वळून तशीच राहिली.

"आय गेली तवा मी पाळन्यात नायतर कडंवर," बनुबाई बोलतच होती. "कुनी म्हनतं काळी हुती, कुनी म्हनतं गव्हाळ. फोटू म्हनून कुठं न्हाईच. तुमच्या घरातलं पुस्तक मला नगं. नुस्तं एकडाव बघू द्या, बास."

शामकांत मास्तर हायस्कुलात मराठी शिकवायचे. बाकी कसला शौक नाही, पण नाटकावरचं, सर्कशीवरचं, सिनेमावरचं पुस्तक दिसलं की त्यांचा पाय निघत नसे. दोन कपाटं भरली होती. जुन्या नाटक मंडळ्या, तंबूतले वाघसिंह, मूकपटांच्या गोष्टी, आणि खालच्या फळीवर तमाशाच्या फडांवरची पुस्तकं, त्यात याच भागातल्या फडांवरचं निळ्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक. पाहुणे थट्टा करायचे, "मास्तर, पेन्शन झाल्यावर फड काढताय वाटतं?" मास्तर म्हणायचे, "काढणार की! इंदू तिकिटं फाडायला बसेल." सगळे हसायचे. इंदूताई मात्र उठून आत जायच्या. देवघराच्या भिंतीला भिंत लावून पायात चाळ बांधलेल्या बायकांची चित्रं असावीत, हे त्यांना कधी रुचलं नाही. बोलून दाखवलं नाही, इतकंच. त्यांचा आवाज घरात कधी चढला नव्हता.

मास्तरांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांनी कपाटं रिकामी करायला काढली. सासूबाईंची शिकवण अशी, की अक्षर म्हणजे सरस्वती. ते रद्दीत द्यायचं नाही, चुलीत घालायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही. जीर्ण झालेल्या पोथ्या पिवळ्या फडक्यात बांधून नदीला सोडायच्या. अधिक महिन्यात त्या गोदावरीवर प्रवरासंगमाला गेल्या, ते जीर्ण पोथ्यांच्या गाठोड्याबरोबर मास्तरांची पुस्तकं गोण्यांत भरूनच. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, हात जोडले. पुस्तकं काही लवकर बुडेनात. पानं फुगून उलगडायला लागली. नाववाला वल्ह्यानं एकेक खाली दाबत होता. दाबता दाबता थांबला न् म्हणाला, "काकू, ह्यात तर हत्ती सायकल चालवतोय!" इंदूताईंनी तोंड फिरवलं होतं. घरी येताना मात्र त्यांना हलकं वाटलं होतं. चांगल्या हातांनी चांगली पाठवणी केली, असं.

आता समोर बनुबाई बसली होती, चष्मा काढून पदरानं पुसत. फोटो बघायचा म्हणून.

"बनुबाई," त्या म्हणाल्या, "ती पुस्तकं नाहीत हो. मी ती गंगेला सोडली."

"म्हंजी?"

"पाण्यात सोडली. विसर्जन केली."

बनुबाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्याकडे बघितलं. मग भाच्याकडे बघितलं. "पुस्तकं पान्यात?"

"आमच्यात रद्दीत देत नाहीत."

"रद्दीत दिली असती तर बरं झालं असतं," कानिफनाथ पटकन बोलून गेला. "दुकानात जाऊन ढीग उपसला असता मी."

"गप रं!" बनुबाईनं त्याला दटावलं. "मोठ्या मान्सापुढं कसं बोलावं कळंना व्हय तुला?" पण तिचाही चेहरा उतरला होता.

इंदूताईंनी उठून अनीशला, पुण्याच्या लेकाला, फोन लावला. निळ्या पुठ्ठ्याचं ते पातळ पुस्तक, आपल्या भागातल्या फडांवरचं, आणखी कुठं मिळेल का?

"आई, ते लिहिणारे कधीच वारले. छापखाना पण बंद झालाय," अनीश म्हणाला. "बाबा म्हणायचे, दुसरी प्रत त्यांनी कुठेच बघितली नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं ना, वाचनालयाला देऊन टाक? तर तू म्हणालीस, नको."

"म्हणाले होते खरी."

"का नको म्हणालीस पण?"

त्यांनी फोन ठेवला. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पुस्तकं काही जीर्ण नव्हती. वाचनालयात गेली असती तर गाव म्हणालं असतं, बघा, मास्तरांच्या देवाधर्माच्या घरातून काय निघालं. त्या लाजेपोटी गोण्या भरल्या होत्या. सासूबाईंची शिकवण वरून पांघरली होती, एवढंच. आजवर हे त्यांनी देवापुढेही कबूल केलं नव्हतं.

"न्हाई का मिळायचं?" बनुबाईनं विचारलं.

"नाही."

"बरं, जाऊ द्या." ती जराशी पुढे सरकली. "पर तुमी तर बघितला आसंल की, वैनी. पुस्तक घरातच हुतं. मग सांगा की मला. कशी हुती? नाक कसं? माझ्यावानी हुती का?"

एखादीनं सांगितलं असतं. नाकेली होती, उंच होती, तुमच्यासारखीच होती. बनुबाई सुखानं घरी गेली असती आणि कुणाला कधी कळलं नसतं. इंदूताईंच्या ओठांवर शब्द आलेही. पण रोज देवापुढे बसून खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि एका पोरक्या बाईला तिची आई खोटी रंगवून द्यायची?

"मी ते पुस्तक कधी उघडलंच नाही," त्या म्हणाल्या.

बनुबाईनं चष्मा काढून मिटला. कानिफनाथ उठला. "आत्या, मी तिसगाव स्टँडवरनं शिटं भरून आनतो. तू बस हितंच."

दिवेलागण झाली. बनुबाई बाहेर पायरीवर जाऊन बसली. इंदूताईंनी सवयीनं समई लावली. दिवा लागल्यापासून अध्याय पुरा होईस्तोवर मौन, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. मास्तरांच्या शेवटच्या आजारपणातही तो मोडला नव्हता. पोथी उघडली, डोळे अक्षरांवर गेले, आणि अक्षरांच्या मागून मास्तरांचा आवाज आला.

अशीच वेळ होती. मास्तर देवघराच्या उंबऱ्याशी ते निळं पुस्तक उघडं धरून उभे होते. "इंदू, वाचू नकोस, नुसतं बघ. ही साळूबाई पायात चाळ बांधतेय, न् कडेवर पोर आहे बघ. पोरगी तिच्या नाकातल्या नथीला धरतेय, न् ही हसतेय. आता रंगमंचावर जायचंय, न् हसतेय कशी!" इंदूताईंनी डोळे पोथीवरून उचलले नव्हते. डावा हात हलवून, बाजूला व्हा, एवढं खुणावलं होतं. मास्तर क्षणभर थांबले आणि पुस्तक मिटून गेले. पुन्हा कधी त्यांनी काही दाखवायला आणलं नाही.

पोरगी. कडेवर.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. बनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठत होती. इंदूताई पोथी तशीच उघडी टाकून दारात आल्या. हे सांगितलं तर तिचं दुःख वाढेल की निवेल, त्यांना कळेना. तरी त्या बोलल्या.

"बनुबाई, थांबा. मी पाहिलं नाही, पण ह्यांनी मला सांगितलं होतं. तुमची आई चाळ बांधत होती. आणि कडेवर लेकरू होतं. मुलगी. ती नथीला हात घालत होती, आणि आई हसत होती."

बनुबाई पायरीवरच बसली.

"मीच की ती," ती म्हणाली. "दुसरी लेक कुठं हुती तिला? मीच." तिनं हात नाकाजवळ नेला आणि तसाच ठेवला. "दोगी हुतो म्हना की फोटूत. मला वाटलं, येकलीच आसंल."

इंदूताई तिच्याजवळ खाली बसल्या. खांद्याला हात लावावा की लावू नये, हे न समजून तो मांडीवरच राहिला.

"आत्या, चल की! शिटं खोळंबलीत!" कानिफनाथ ओरडला.

"आलेऽ!" बनुबाईनं डोळे पुसले. उठताना तिनं इंदूताईंचाच आधार घेतला, आणि चालता चालता थांबून मागे वळली.

"वैनी, कोंच्या कडंवर हुते मी? डाव्या का उजव्या?"

इंदूताईंनी खूप आठवून पाहिलं. मास्तरांचा आवाज आठवत होता, उंबऱ्यावरची त्यांची सावली आठवत होती, आपला हललेला हात आठवत होता. पुस्तक तर हाताच्या अंतरावर होतं.

"नाही हो ठाऊक," त्या म्हणाल्या.

बनुबाईनं मान हलवली आणि ती जीपकडे निघाली.