जुंपून पाहिलेला लॅपटॉप

मित्रांनो, माझे वय ओळखायचे असेल तर माझे दात बघा. दात म्हणजे माझी अक्षरांची बटणे. त्यांतल्या ‘ए’ आणि ‘एस’ या दोघांची अक्षरे पार पुसली गेली आहेत. आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉपला कुठे दात असतात? मलाही ते ठाऊक नव्हते. ते मला सापगावच्या लडकू आजोबांनी शिकवले.

मी अंगाने छोटा, शाळेच्या दप्तरात सहज मावणारा. माझी पहिली वर्षे भातसानगरच्या वसाहतीत गेली. धरणावर काम करणारे एक साहेब रोज माझ्यावर पावसाचे आणि पाण्याच्या पातळीचे आकडे लिहीत. घरात माझे फार कौतुक होते. जेवताना कोणी मला हात लावला तर साहेब रागावत. मग त्यांना मोठा, नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात जाऊन पडलो. अंधारात मी एकच विचार करीत असे : आकड्यांशिवाय जगात आणखी काय काय लिहीत असतील?

पुढे साहेबांनी मला शहापूरच्या शेखरच्या दुकानात विकले. शेखर जुनी यंत्रे दुरुस्त करून विकतो. त्याने मला नवी बॅटरी बसवली आणि काचेच्या फळीवर ठेवले. माझ्या शेजारी एक टॅब होता. पाटीसारखा सपाट, चकचकीत, आणि त्याच्याबरोबर लिहायला एक पेन. बटणांशिवाय हा कसे लिहून घेतो, याचे मला मोठे कुतूहल वाटे.

एके दिवशी लडकू आजोबा नातीला घेऊन दुकानात आले. भाविका नुकतीच कॉलेजात गेली होती. तिला वर्गात टिपणे घ्यायला काहीतरी हवे होते, आणि घरच्यांना एकच वस्तू घेणे जमणार होते. तिने पेन उचलले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. ती ते दोन बोटांच्या बेचक्यात धरत होती, अंगठा नुसता टेकवत होती. कारण मला पुढे कळले : मागच्या भातकापणीत तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी विळा लागला होता. जखम भरली, पण अंगठा पुरता वाकेना. बारावीच्या परीक्षेत शेवटचे प्रश्न त्यामुळेच कोरे राहिले होते. कॉलेजात तर सर भराभर सांगत आणि ती निम्म्यातच मागे पडे. हात अजून दुखतो हे तिने घरी सांगितले नव्हते. ‘मग बस घरी,’ असे कोणी म्हणेल याची तिला भीती होती.

“मला हाच पायजे, आजा,” ती टॅबकडे बघत म्हणाली.

आजोबांनी मात्र माझे झाकण उघडले आणि वाकून बराच वेळ पाहिले. “याचे दात झिजलेत रे, शेट. उतारवयातला दिसतो.”

“बाबा, बटणं आहेत ती,” शेखर हसत म्हणाला.

“असू देत. आणि त्याला तर दातच नाय.” त्यांनी टॅब उलटा करून पाहिला. “आता वय कशावरून ओळखायचं? दोघांना घेऊन जातो. जुंपून बघतो, मग सांगतो.”

“हा काय बैल आहे का, बाबा?”

“काम करणार ना? मग जुंपून बघायला नको? म्हसा गावच्या जत्रेत नांगराला लावल्याशिवाय आमी कधी बैल घेतला नाय.”

शेखरने डोके खाजवले, पण आजोबांना तो लहानपणापासून ओळखत होता. त्याने आम्हा दोघांना एकाच पिशवीत घातले.

पहिली पाळी टॅबची होती. मी पिशवीतून डोकावून बघत, ऐकत होतो. वनस्पतिशास्त्राचा तास होता. भाविकाने पानाच्या आतल्या रचनेची आकृती काढली, त्यात हिरवा रंग भरला, फळ्याचा फोटोही काढला. शेजारची सोनाली म्हणाली, “काय भारी आहे गो! वहीत पण असं करता आलं असतं तर.” मलाही पटले. आकृती काढणे माझ्या बापजन्मात जमले नसते.

मग सर टिपणे सांगू लागले. काचेवर पेनाची टकटक सुरू झाली. हळूहळू ती मंदावली. मग थांबली. तास संपल्यावर भाविकाने सोनालीच्या वहीचा फोटो काढला. आता टॅबचा यात काय दोष? पेन ते पेनच. वहीवर धरा नाहीतर काचेवर, अंगठा तोच लागतो.

“कसा चालला?” संध्याकाळी आजोबांनी विचारले.

“मस्त,” भाविका म्हणाली. हात ओढणीखाली होता.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. मी आधी जागाच होईना.

“उठतंय का गो तुझं?” सोनाली कुजबुजली. “का चहा सांगू त्याला?”

मागच्या बाकावरची मुले हसली. मी कसाबसा उठलो. भाविका एकेक अक्षर शोधत होती. ‘ए’ कुठे आणि ‘एस’ कुठे, हे तर तिला अंदाजानेच ओळखावे लागत होते. आकृतीची वेळ आली तेव्हा तिने फक्त ‘आकृती घरी काढणे’ एवढे लिहिले. पण टिपणे सुरू झाल्यावर मला निराळेच काही जाणवू लागले. तिची आठ बोटे कामाला लागली होती. दोन शब्दांमध्ये जागा सोडायला डावा अंगठा होता. उजवा अंगठा बाजूला नुसता स्वस्थ बसला होता. घाई होती, चुका होत्या, पण टकटक थांबली नाही. सरांचे शेवटचे वाक्य माझ्या पडद्यावर उमटले तेव्हा भाविका ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

त्या संध्याकाळी आजोबांनी ‘कसा चालला’ असे विचारलेच नाही. “हात दाखव,” ते म्हणाले.

“कशाला?”

“काल भाकरी तोडताना बघितला मी तुझा अंगठा. सुजला होता. आज नाय.” त्यांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला. “बैल जुंपून बघितला, की माझा बापूस त्याची चाल नाय बघायचा. नांगर सोडल्यावर खांदा बघायचा. जू नीट बसत नसंल तर खांदा सुजतो. बैल काय बोलून दाखवत नाय. तुला तर तोंड आहे ना, पोरी?”

 मग भाविकाने सगळे सांगितले : अंगठा, कोरे राहिलेले प्रश्न, सोनालीची वही.

“आणि आमी तुला घरी बसवू, असं वाटलं तुला?”

आजोबांनी आम्हा दोघांना तिच्यापुढे ठेवले.

“मग कुठला ठेवायचा?”

“हा,” तिने माझ्यावर हात ठेवला. “दिसायला तो चांगला आहे, आजा. पण याच्यावर मी मागे नाय राहिले.”

टॅब परत गेला आणि पुढच्याच आठवड्यात सोनालीने तो घेतला. तिचा हात धडधाकट, आकृत्या सुरेख. आता आम्ही दोघे एकाच बाकावर असतो. ती भाविकाला आकृत्या देते, भाविका तिला टिपणे देते.

मित्रांनो, आमच्यातला श्रेष्ठ कोण, असे मला विचारू नका. एवढेच सांगतो, की कोणतीही वस्तू घेताना तिच्याकडे पाहून झाले, की तिच्याबरोबर राबणाऱ्या हाताकडेही एकदा नीट पाहा. आणि हात तुमचा असेल, तर दुखते ते लपवू नका.

परवा पोळ्याचा आदला दिवस होता. त्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तेलाने चोळतात. आजोबांच्या गोठ्यात आता बैल नाहीत, शेत ट्रॅक्टरने नांगरतात. तरी सवयीने त्यांनी वाटीत हळद आणि तेल कालवले. वाटी हातात धरून ते रिकाम्या गोठ्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग ओटीवर येऊन भाविकाशेजारी बसले, तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याचे मूळ हळूहळू चोळू लागले.

भाविका डाव्या हाताने माझ्यावर लिहीत राहिली.