टेपवर न आलेलं कडवं

बाबांच्या गाण्याचा कार्यक्रम राहात्याला होणार असं कळलं, तेव्हा मला आनंदाआधी रागच आला. बाबा, म्हणजे रंभाजी गायक, हयात होते तेव्हा याच तालुक्यात लोक त्यांना घसा बसेपर्यंत गायला लावायचे आणि जेवायचं विचारायला विसरायचे. आता त्यांचा फोटो मंगल कार्यालयाच्या दारात मावत नव्हता.

बाबांनी तरुणपणी पुणतांब्याच्या भीमजयंतीत म्हटलेलं पाटीचं गाणं, लेकींना शाळा शिका म्हणणारं, घोडेगावचा सम्राट नावाचा पोरगा जसंच्या तसं उभं करणार होता. तेव्हा कुणीतरी ते टेप केलं होतं. त्या एका कॅसेटच्या ढीगभर कॅसेटी झाल्या, पुढे गाणं मोबाईलमध्ये गेलं आणि आमच्या लोकांच्या लग्नांत, जयंतीत, टेम्पोत वाजत राहिलं. पण टेप करताना गाणं पुरं होण्याआधीच कॅसेट संपली होती, त्यामुळे चौथं कडवं तिच्यात नाहीच. आमच्याकडे कवीचं नाव गुंफतात ते शेवटच्या कडव्यात, आणि त्या कडव्यात बाबा आईचं नाव घ्यायचे. कारण गाणं आईनं रचलेलं होतं, कांदा खुरपता खुरपता. मी लहानपणी पुढं बसून ते ऐकलंय. कडवं गेलं तसं नावही गेलं, आणि सगळ्या जिल्ह्यानं गाणं बाबांच्या नावावर करून टाकलं.

ते नाव चारचौघांत पुन्हा एकदा तरी आईच्या कानावर पडावं, एवढंच मला हवं होतं. तिचं आता वय झालंय. सम्राटला आधी फोन करते म्हटलं, तर आईनं हात धरला. पोरानं मेहनतीनं बसवलंय, मोडू नको, म्हणाली. आईचा, म्हणजे चांगुणाबाईंचा, हा स्वभाव मी आयुष्यभर सोसलाय. दुसऱ्याचं मन राखायला ही बाई स्वतः उपाशी राहील.

त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली (भाषणांची टेप कधी संपत नाही), आणि पेटी वाजली. सम्राटनं पहिली ओळ उचलली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबाच गात होते. तोच भरड आवाज, वर चढताना किंचित रडवा होणारा. दुसऱ्या कडव्याआधी बाबा टेपमध्ये खोकलेत, तर हाही खोकला. "मागच्यांनी खाली बसा" असं बाबा मध्येच म्हणालेत, तर सगळे खुर्च्यांवर बसलेले असूनही यानं तेही म्हटलं. लोक हसले. आई हसली नाही. तिनं डोळे मिटले होते आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला होता. मला गोदावरीकाठचा तो कापडी मांडव दिसायला लागला, गॅसबत्तीचा वास आला, बाबांच्या गळ्यातला निळा रुमाल दिसला. तेव्हा आमच्याकडे काही म्हणता काही नव्हतं, आणि तरी मला ते दिवस परत हवे होते.

तिसरं कडवं झालं. टेप जिथं संपते, ऐन तिथं सम्राट थांबला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. आईची बोटं अजून चालूच होती.

मग मला राहवलं नाही. मी उभी राहून टाळ्यांच्या वरताण ओरडले, "एक कडवं राह्यलंय."

सम्राट खाली आला. मी त्याला कॅसेटचं आणि कडव्याचं सगळं सांगितलं. पोरगं कानापर्यंत लाल झालं. त्यानं आईपुढं हात जोडले, म्हणाला, तुम्हीच म्हणा आजी, आम्ही मागं धरतो. आणि तिला हाताला धरून माईकपाशी घेऊन गेला.

आईचा आवाज बारीक झालाय, पण सूर हलला नाही. "रंभाजी म्हणे, लेकींनो, पाटी ठेवू नका खाली..."

मी कपाळावर हात मारला. ज्या एका नावासाठी मी इतकी वर्षं जळत होते, ते तिनं आपल्या हातानं पुसून टाकलं. तोंडातून निघूनच गेलं, "आई, तुझं नाव घे की."

आई माईकमध्येच बोलली. "मी असंच रचलं हुतं, जयमाला. त्येंचंच नाव घातलं हुतं. गाताना त्येच बदलायचे, मला न इचारता. आता बदलायला कोन हाय?"

सम्राटनं पेटीवाल्याकडे पाहिलं आणि ओळ पुन्हा उचलली, बाबांच्याच आवाजात. "चांगुणा म्हणे, लेकींनो..."

आई माईकपासून बाजूला झाली आणि मागं कोरसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाबा गायचे तेव्हा तिची जागा तीच असायची. आपलं नाव आलं की ती गप्प व्हायची आणि तेवढी ओळ बाकीचे धरायचे. आज ती गप्प झाली नाही. सगळ्या कोरसच्या वर तिचाच आवाज येत होता, "चांगुणा म्हणे, लेकींनो."