एका नावाच्या दोघी

पुतळेवालीला फोटोंचा भारी तिटकारा. तिचे वडीलही पुतळेच करायचे, आणि जाताना सांगून गेले होते, की फोटो बघून केलेला पुतळा फोटोसारखाच होतो, ताठ आणि श्वास रोखलेला. माणूस आठवून करावा. वडिलांची बाकीची शिकवण तिनं सोयीनं गुंडाळून ठेवली असेल, पण ही एक मात्र डोक्यात पक्की बसली होती. म्हणून पुतळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे चौकातले औषधवाले, काम घेऊन आले आणि खिशात फोटो चाचपायला लागले, तेव्हा तिनं त्यांना तिथंच अडवलं.

“फोटो राहू द्या खिशात. नाव तेवढं सांगा.”

औषधवाल्यांनी समितीच्या ठरावातलं नाव वाचून दाखवलं. पुतळेवालीचा चेहरा एकदम खुलला.

“अहो, त्यांना कोण विसरेल! लहानपणी टक लावून बघत बसायचे मी त्यांच्याकडे.”

“तुमची हिंमत दांडगी,” औषधवाले म्हणाले. “आम्हाला नाही जमलं बुवा कधी.”

झालं. व्यवहार ठरला. आता घोळ कुठं झाला, ते ऐका. गावात त्या नावाच्या दोन नामांकित बायका होत्या. तिसरी एक राजकारणात होती, पण ती स्वतःचे पुतळे स्वतःच उभारून घ्यायची, तेव्हा तिला सोडा. पहिली सर्कशीतली. घरातून पळून गेली, झोक्यावर उड्या मारायला शिकली आणि देशोदेशी नाव काढलं. सर्कस गावात आली की भिंतीभिंतीवर तिचं नाव हातभर अक्षरांत झळकायचं. ती गेली वर्षभरापूर्वी, कुठंतरी लांब. दुसरी म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी निम्मं गाव शिकवलं आणि सगळं गाव घाबरवलं. पण त्यांचं नाव कधी कुणाच्या तोंडी आलंच नाही. सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणायचे. नाव घ्यायची छाती कुणाची होती? पुतळेवाली तर त्यांच्या शाळेतही नव्हती. तिला ते नाव म्हणजे फक्त झोकेवाली माहीत.

आणि कामाला लागली म्हणता! एरवी ती गेटावरचे घोडे करायची, बँकेच्या संस्थापकांची डोकी करायची. सगळ्या संस्थापकांना एकच चष्मा, फक्त कान बदलायचे. या वेळी मात्र तिनं मातीला हात लावला आणि तिला तंबूतला तो क्षण आठवला, झोका सुटलाय, दुसरा अजून हाताला लागायचाय, आणि बाई हवेत हसतेय. मान मागे, हनुवटी वर, केस सुटलेले. तेच तिनं केलं. मातीवरून साचा, साच्यातून मेण, मेणावरून ब्राँझ. ओतकाम होऊन पुतळा कारखान्यात परत आला तेव्हा तिची नणंद, जी कानस आणि पॉलिश सांभाळायची, कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

“वहिनी, हे तुम्ही केलंत?”

“नाही, शेजारणीनं केलं! काय विचारता, वन्सं?”

पण पुतळेवालीला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. इतकी वर्षं घोडे केले ते या एका चेहऱ्यासाठी, असं तिला वाटलं, आणि ती कोपऱ्यात जाऊन थोडी रडलीसुद्धा.

अनावरणाच्या आदल्या दिवशी औषधवाले कारखान्यात आले. नणंदेनं कापड ओढलं. औषधवाल्यांनी बघितलं. मग वाकून बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं.

“ह्या... हसतायत?”

“मग काय रडतील?” पुतळेवाली म्हणाली.

“अहो, मोठ्या बाई हसतायत? चौतीस शिक्षक होते हाताखाली, एकानं कधी दात बघितला नाही त्यांचा! आणि हे केस? त्यांचा अंबाडा वादळात हलला नाही कधी!”

नणंदेनं पुतळेवालीकडे बघितलं, तिनं नणंदेकडे. दोघींना एकाच वेळी उमगलं आणि दोघींनी एकाच वेळी तोंड मिटलं. पण पुतळेवाली काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

“तरुणपणचा आहे,” ती म्हणाली.

“त्यांना तरुणपण होतं?”

“म्हणजे काय, त्या अंबाड्यासकट जन्माला आल्या होत्या?”

औषधवाल्यांनी डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, पण शाळेतली भीती त्याच्या हाडात मुरली होती. “मला काही सांगू नका. बाई स्वतः उद्या सकाळी इथं येतायत, चौकात नेण्याआधी तपासायला. त्यांनी नाही म्हटलं, तर आपल्या करारात काय आहे, ठाऊक आहे ना? वितळवायचा आणि नवा करायचा.”

ते गेले. नणंद म्हणाली, “वहिनी, फोटो बघितला असता तर काय डोळे फुटले असते?”

नवा पुतळा करायची पुतळेवालीला भीती नव्हती. अंबाडा काय, दोन दिवसांचं काम. पण हा चेहरा भट्टीत जाणार, नाक आधी मऊ होणार, मग ते हसू ओघळणार, हे मनात येताच तिला कसंसंच झालं. असा चेहरा आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे तिला आतून पक्कं माहीत होतं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि नणंदेनंही पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

सकाळी मोठ्या बाई आल्या. वय ऐंशीच्या पलीकडे, हातात काठी, अंबाडा जागच्या जागी. मागे औषधवाले आणि समितीतले दोघे जण, तिघेही हात मागे बांधून. सगळे बाईंचे विद्यार्थी, आणि सगळ्यांची टक्कलं पडलेली.

“कापड काढा,” बाई म्हणाल्या.

कापड निघालं.

बाई एक पाऊल पुढं झाल्या. काठी डाव्या हातात घेतली. पुतळेवालीनं आयुष्यात कधी कुणापुढं गयावया केली नव्हती, पण आत्ता तिचे ओठ आपोआप हलायला लागले. “बाई, चूक माझी आहे. पण—”

“मध्ये बोलू नये,” बाई म्हणाल्या, आणि पुतळेवाली, पन्नाशीची बाई, गप्प झाली.

औषधवाले पुढं सरकले. “बाई, तुमचं म्हणणं असेल तर लगेच भट्टी—”

“कसली भट्टी? ही मीच आहे.”

“तुम्ही?”

“सव्वीस वर्षांची. तुमच्यापैकी कुणी मला सव्वीस वर्षांची बघितलंय?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीच बघितलं नव्हतं. बघितलेले सगळे केव्हाच गेले होते.

“पण बाई,” औषधवाले चाचरत म्हणाले, “असं हसताना...”

“तुझे गणिताचे पेपर तपासायची वेळ तेव्हा आली नव्हती.”

समितीतला एक जण खुसकन हसला आणि लगेच गंभीर झाला. औषधवाल्यांचे कान लाल झाले. “बरं, मग खाली मजकूर तेवढा सांगा. ‘आदर्श मुख्याध्यापिका’ असं—”

“फक्त नाव घाला. बाकी काही नको. जा आता, ट्रकचं बघा.”

तिघं रांगेत बाहेर पडले. पुतळेवाली प्लास्टरच्या पोत्यावर बसली. “बाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात?”

“तुझ्यासाठी? तुझा माझा काय संबंध?” बाई पुतळ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “एका वर्गात होतो आम्ही. एकाच नावाच्या. हजेरीत नाव आलं की दोघी ‘हजर’ म्हणायचो, आणि शिक्षा मात्र मला व्हायची. पळून गेली ती मला सांगून गेली. तिच्या वडिलांनी विचारलं, मी म्हटलं, मला काही माहीत नाही. त्यानंतर आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवत राहिले.”

नणंदेनं हळूच स्टूल पुढं सरकवलं. बाई बसल्या नाहीत.

“कुठंही जा, नाव सांगितलं की लोकांचे चेहरे फुलायचे. झोक्यावरच्या का तुम्ही? आणि मी नाही म्हटलं की पडायचे. फार राग केला मी तिचा. पण सर्कस आली की रोज तिकीट काढायचे. सगळ्यात मागे बसायचे, पदर डोक्यावरून घेऊन. माझ्या नावाची बाई वर उडतेय, आणि मी खाली बसून बघतेय.” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “तिचा पुतळा हे लोक कधी करणार होते? पळून गेलेल्या मुलीचा? माझा मात्र करतात. मग उभी राहू दे की ती, माझ्या नावावर.”

पुतळेवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

बाईंनी काठीचं टोक पुतळ्याच्या कपाळाशी नेलं. “डाव्या भुवईवर वण होता तिच्या. मीच ढकललं होतं. तो कुठाय?”

“लांबून बघितलं होतं बाई मी, तो कसा दिसणार?”

“मग आता घाल. छिन्नी आण.”

नणंद घाबरली. “अहो बाई, तुमच्या कपाळावर वण नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे. उद्या कुणी ओळखलं तर?”

बाईंनी आपली भुवई बोटानं चाचपली आणि अगदी पुतळ्यासारखी नाही, पण जवळपास तशीच हनुवटी वर केली.

“ओळखू देत. या वयात मला कोण बाकावर उभं करणार आहे?”